डिझेलमध्ये पुन्हा पुन्हा पाणी येतंय? आधी ते किती येतंय ते मोजा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी लवकर लागत नाही. लागली तर पहिली दोन-तीन मिनिटं थरथरते, एखादा सिलिंडर सोडून चालल्यासारखी मिसिंग मारते आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर सोडते. रस्त्याला लागल्यावर मध्येच ओढ जाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढं सरकत नाही, आणि थोड्या वेळानं आपोआप ठीक होते. घाटात, वळणावर, खड्ड्यात टाकीतलं डिझेल हिंदकळलं की हे जास्त जाणवतं. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, फिल्टरच्या चित्राखाली थेंब काढलेला. जुन्या ट्रॅक्टरला दिवा नसतो. तिथं फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत तळाला वेगळा थर दिसतो, आणि इंजिनाची टकटक वाढते.

यातलं एकेक लक्षण दुसऱ्या दोषाचंही असू शकतं. पांढरा धूर खराब नोझलचाही (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडाचाही) असतो, ओढ चोंदलेल्या फिल्टरनंही जाते. पण पाणी काढलं की गाडी झकास चालते आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, असं होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलंय.

बेळगावातून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. जून ते ऑक्टोबर जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या पिकअप आणि रोप लावणीचे पॉवर टिलर, नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर, असा वर्षभर हाच दोष माझ्यासमोर येतो. गोकाककडचा ड्रायव्हर 'नीर बंदैती' म्हणतो, चंदगडचा 'पाणी धरलंय' म्हणतो. दोघांचीही मागणी एकच: पाणी काढून द्या. मीही कित्येक वर्षं तेवढंच करत होतो.

काही वर्षांपूर्वी जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातले मामा एकाच पावसाळ्यात तीन वेळा पिकअप घेऊन आले. तिन्ही वेळा फिल्टरखालचा स्क्रू सोडून मी पाणी काढलं, दुसऱ्या वेळी फिल्टरही बदलला. चौथ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मेस्त्री, गाडी परत तसंच कराय लागल्या बघ. पंपवालाच पाणी घालतोय काय की." त्या दिवशी पहिल्यांदा मी निघालेलं पाणी फेकून न देता मापात धरलं. पाऊण ग्लास होतं. आणि मग हिशेब मांडला.

डिझेलमध्ये पाणी अजिबात नसावं असा नियम नाही. किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. साठ लिटरची टाकी म्हणजे साधारण पन्नास किलो डिझेल, म्हणजे सगळ्या टाकीत मिळून १० ग्रॅम, दोन चमचे. तेही डिझेलमध्ये विरघळलेलं किंवा बारीक मिसळलेलं, लगेच तळाला न बसणारं. दुसरं कारण सगळे सांगतात ते दमट हवेचं. रिकाम्या टाकीत वाफ शिरते, रात्री थंड होऊन पत्र्यावर थेंब धरते. हे खरं आहे. पण ३० अंशाच्या अगदी दमट हवेतही घनमीटरमागे ३० ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. साठ लिटरची रिकामी टाकी धरली तरी दोन ग्रॅमच्या आत. रोज थोडं थोडं करून महिनाभरात काही चमचे जमतील. आठ दिवसांत पाऊण ग्लास जमणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पाणी काढणं ही दुरुस्ती नाही. ते किती निघालं आणि किती दिवसांत जमलं यावरून ते कुठून आलं ते कळतं, आणि ती वाट बंद केली तरच काम झालं. चमचाभर निघालं तर हवेतलं किंवा डिझेलबरोबर आलेलं समजा. कपभर निघालं तर कुठून तरी पाणी सरळ आत ओतलं जातंय.

पैसा न लागणारी पहिली तपासणी: आठवण

गाडी कधी कधी बिघडली ते कागदावर लिहून काढा. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी? मोठ्या सरीनंतर? डिझेल भरल्यावर पाच-दहा किलोमीटरच्या आत? ओढ्यातून गेल्यावर? की नुसती आठ दिवस उभी राहिल्यावर? ह्या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं काम हात काळे न करता होतं.

खंडेनवमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्याकडे हमखास गाड्या येतात. पूजेसाठी गाडी वॉशिंगला दिलेली असते, प्रेशरच्या गनचा फवारा टाकीच्या झाकणावर सरळ मारलेला असतो. झाकणाचं रबर पावसाचं पाणी अडवतं, तो फवारा अडवत नाही. धुणाऱ्याला सांगा, झाकणापासून हात-दोन हात लांब.

डिझेल भरल्यावर लगेच बिघडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढं येतो.

झाकण, तोंड आणि श्वासाची नळी

झाकण काढून हातात घ्या. आतली रबरी रिंग चपटी, कडक, चिरलेली आहे का बघा. नखानं दाबल्यावर रबर परत वर आलं पाहिजे. नाही आलं तर बदला, चहा-भज्याच्या पैशात काम होतं. ट्रॅक्टरचं झाकण हरवल्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि सुतळी बांधून चालवणारे बरेच आहेत. त्या पिशवीच्या वळीत पाणी साचतं आणि सोडली की सगळं आत जातं. झाकण त्याच मॉडेलचंच घ्या. काही झाकणांना हवा आत घ्यायचं छिद्र असतं, काहींना नसतं. चुकीचं बसवलं तर टाकीला श्वास मिळत नाही आणि अर्ध्या तासानं गाडी बंद पडते. अशा गाडीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' आवाज येऊन ती पुन्हा चालायला लागली, तर तुमचा दोष पाण्याचा नाही, चोंदलेल्या श्वासाचा आहे. ह्याच चुकीनं लोकांनी विनाकारण नोझल खोलून घेतलेले मी बघितलेत.

पिकअप आणि मोटारींत टाकीचं तोंड एका खोलगट खणात असतं, वर पत्र्याचं दार. ह्या खणाच्या तळाला पाणी जायला छोटं भोक असतं. खानापूरच्या लाल मातीनं ते बुजतं, मग सर आली की खणात वाटीभर पाणी झाकणाला टेकून उभं राहतं. सायकलच्या स्पोकनं भोक मोकळं करा आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली जातंय का बघा. ओतताना झाकण घट्ट लावलेलं असू दे.

श्वासाची नळी, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर करणारी, टाकीच्या वरून निघून वर कुठं तरी बांधलेली असते. तिचा क्लिप तुटला की ती चाकापाशी लोंबते. तापलेली टाकी घेऊन तुम्ही गुडघाभर ओढ्यात शिरलात की टाकी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड पाण्यात असेल तर ते पाणीच ओढलं जातं. नळी परत वर बांधा. उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घरही करते, तेही बघून घ्या.

बाटलीची परीक्षा

ही तपासणी सगळ्यांनी शिकून घ्यावी. इंजिन बंद, थंड. जवळ विडी-काडी नको. पारदर्शक काचेची किंवा पाण्याची प्लॅस्टिकची स्वच्छ, पूर्ण कोरडी बाटली घ्या. फिल्टरच्या तळाचा स्क्रू हातानं दोन-तीन फेरे सोडा, खाली बाटली धरा. काही गाड्यांत वरचा हातपंप दाबावा लागतो, मग खालून धार येते. पाव लिटरभर घ्या आणि बाटली अर्धा तास हलवू नका.

पाणी डिझेलपेक्षा जड. डिझेलची घनता ०.८२ ते ०.८६ च्या दरम्यान, पाण्याची १. म्हणून पाणी तळाला बसतं आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. बाटली हळूच कलती केली की तळाचा थर गोळ्यासारखा एका बाजूला घरंगळतो, काचेला चिकटत नाही. एकदा बघितलं की ती चाल डोळ्यात बसते.

रेघ दिसली नाही म्हणजे पाणी नाही असं मात्र धरू नका. सगळी बाटलीच पाण्यानं भरली असेल तर रेघ कुठून दिसणार? अशा वेळी जिलबीत घालायचा खायचा रंग चिमूटभर टाका. पाणी रंगतं, डिझेल रंगत नाही, रंगाचे कण नुसते खाली बसतात. दुसरी परीक्षा बाटलीमागे वर्तमानपत्र धरायची. चांगल्या डिझेलमधून बारीक अक्षरं वाचता येतात. धुरकट, ताकासारखं दिसलं तर पाणी बारीक होऊन मिसळलेलं आहे आणि तळाला बसायला वेळ घेणार आहे.

तळाचा थर कसा आहे तेही सांगून जातो. स्वच्छ पाणी म्हणजे नुकतंच आलेलं, पावसाचं किंवा धुण्याचं. तपकिरी पाणी म्हणजे जुनं, टाकीचा पत्रा गंजायला लागलाय. थराच्या वर काळपट, शेवाळासारखी बुळबुळीत साय असेल आणि कुबट वास येत असेल तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढलेत. उसाचा सीझन संपल्यावर अर्ध्या टाकीनं चार महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात हे नेहमी सापडतं. तिथं फिल्टर बदलून भागत नाही, नवा फिल्टर आठ दिवसांत तसाच चोंदतो. टाकीच उतरवून धुवावी लागते.

डिझेलची स्वच्छ धार येईपर्यंत पाणी काढा आणि स्क्रू हातानंच आवळा. तो पुष्कळदा प्लॅस्टिकचा असतो, पकडीनं आवळला की तुटतो. मग हातपंप कडक लागेपर्यंत दाबून एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून दहा सेकंद थांबायचं, बंद करायची, असं तीन-चार वेळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, किती मिलिलिटर पाणी. ही चिठ्ठी पुढच्या वेळी सोन्यासारखी उपयोगी पडते.

निघालेलं डिझेल परत टाकीत घालू नका, आणि गटारात किंवा विहिरीच्या कडेलाही ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, सुटे भाग धुवायला चालतं.

कॅन, नरसाळं आणि ड्रम

मामांच्या गाडीचं झाकण, खण, नळी सगळं ठाकठीक होतं. मग डिझेल येतं कुठून ते विचारलं. घरात ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पिकअप तिन्ही, म्हणून त्यांनी गोठ्यामागे दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवला होता. मी बघायला गेलो.

ड्रम वळचणीला उभा होता. उभ्या ड्रमच्या वरच्या पत्र्याला भोवती उंच कडा असते. तिच्या आत बोटभर पाणी साचलेलं, पाण्यात एक फणसाचं पान, आणि टोपण त्या पाण्याखाली. टोपणाचा वायसर कधीच गेला होता. आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो. दुपारभर ऊन होतं, पत्रा तापलेला. मग सर आली. थोड्या वेळात ड्रमचा पत्रा टक्क करून वाजला आणि ते पान हळूहळू सरकत टोपणाला जाऊन चिकटलं. मामा आणि मी दोघंही ते बघत राहिलो. उन्हात आतली हवा फुगून टोपणातून बाहेर गेली होती, आता गार होऊन आकसताना ड्रम वरचं पाणी आत ओढत होता. रोज दुपारी बाहेर, रोज संध्याकाळी आत. पंपवाल्याचा काही संबंध नव्हता.

ड्रम बाहेर ठेवायचाच असेल तर आडवा ठेवा, दोन्ही टोपणं घड्याळाच्या तीन आणि नवाच्या जागी येतील असा, म्हणजे ती आतून डिझेलखाली राहतात आणि हवा-पाणी ओढू शकत नाहीत. दोन्ही बाजूंना दगड लावा. उभाच ठेवायचा तर खाली एका बाजूला लाकडाची चीप घालून असा कलता करा की पाणी टोपणापासून लांब साचेल. वर पत्रा टाका. ड्रममधून काढायचा पाइप तळाला टेकवू नका, चार बोटं वर ठेवा. तळाचं ते चार बोटांचं डिझेल वर्षातून एकदा वेगळं काढा. आणि गोठा-गंजीपासून ड्रम दूर हवा, हे तर आहेच.

कॅनची गोष्ट छोटी आहे. पावसात रानात नेलेला कॅन, भिजलेलं नरसाळं, औषध फवारायच्या डब्यातून घेतलेलं डिझेल, ह्यातून एका वेळी चमचाभर पाणी जातं, पण रोज जातं. नरसाळं उलटं टांगून ठेवा, ओतायच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसा. कापडानं गाळून घेतलं म्हणजे पाणी अडतं असं समजू नका. साधं कापड कचरा अडवतं, पाणी नाही.

पंपावरच्या डिझेलचा संशय

आपल्या सीमाभागात दर बघून कधी कर्नाटकातल्या, कधी महाराष्ट्रातल्या, कधी चोर्ला उतरून गोव्यातल्या पंपावर डिझेल भरायची सवय आहे. पैसे वाचतात ते खरं, पण दोष आला की कुठल्या पंपाचं डिझेल ते सांगता येत नाही. संशय असेल तर महिनाभर एकाच पंपावर भरा आणि बिलं ठेवा. दुसऱ्या पंपावर बदलून पाणी थांबलं नाही तर दोष तुमच्या गाडीत किंवा घरात आहे.

पंपावर तुम्ही घनता विचारू शकता, मोजून दाखवायला सांगू शकता. जमिनीतल्या टाकीत पाणी आहे का ते बघायला पंपावर एक पेस्ट असते, मापाच्या दांडीला लावून आत घातली की पाण्याच्या जागी तिचा रंग बदलतो. मोठ्या पावसानंतर त्याबद्दल विचारायला संकोच करू नका. टँकर खाली होत असताना भरणं टाळा, त्या वेळी तळ ढवळलेला असतो. आणि इथेनॉलनं पाणी धरतं ही जी चर्चा चालते ती पेट्रोलची आहे, डिझेलला ती लावू नका.

भरल्यावर लगेच गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. तिथंच बाटलीत नमुना घ्या, बिलासकट ठेवा आणि पंपावरच्या माणसांसमोर दाखवा. शेजारी आणखी एखादी गाडी अडकलीय का बघा. वासानं किंवा बिलावरून चुकून पेट्रोल पडल्याचं लक्षात आलं तरी सेल्फ मारायचा नाही, कारण पेट्रोल डिझेलमध्ये मिसळून जातं, बाटलीत रेघ दिसत नाही.

दिवा खोटा लागतोय का

बाटलीत थेंबही नाही आणि दिवा जात नाही, असंही होतं. फिल्टरखालच्या सेन्सरला दोन टोकं असतात, पाणी त्यांना टेकलं की वीज जाते आणि दिवा लागतो. कनेक्टर काढून बघा. आतल्या पिना हिरव्या झाल्या असतील, ओल असेल, तर सेन्सरला वाटतं पाणीच आलं. कोरडं करा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रबरी सील नीट बसवा. पण आधी बाटली, मग कनेक्टर. उलट केलंत आणि पाणी खरंच असलं तर महागात जातं.

फिल्टर आणि टाकीचा तळ

इथपर्यंत वाट सापडली असेल आणि बंद झाली असेल, तर आता आत साचलेलं साफ करायचं. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या टाकीला बहुतेक तळाला ड्रेनचा नट असतो. गाडी रात्रभर अशा उतारावर उभी करा की नटाची बाजू खाली येईल. सकाळी गाडी न हलवता नट थोडा सैल करून आधी येईल ते बाटलीत धरा. पहिली धारच महत्त्वाची, सगळं पाणी तिच्यात असतं. गाडी चालवून आणून ड्रेन केलीत तर पाणी ढवळून डिझेलमध्ये मिसळलेलं असतं आणि तळाला काही सापडत नाही. नटाचा तांब्याचा वायसर नवा घाला.

मग फिल्टर बदला. पाणी वेगळं करणारा फिल्टर त्याच्या कागदाच्या खास लेपामुळं ते काम करतो. एकदा पाण्यानं आणि त्या बुळबुळीत सायीनं भरला की तो धुवून परत येत नाही. झटकून, हवा मारून बसवलेला फिल्टर पाणी पुढं जाऊ देतो. इथं पैसे वाचवू नका, पेटीवरचा नंबर जुन्याशी ताडून घ्या.

पाणी सुकवायचं म्हणून टाकीत स्पिरिट, रॉकेल, पेट्रोल ओतायचा सल्ला रस्त्यावर मिळतो. स्पिरिट पाण्याला स्वतःत घेऊन फिल्टरमधून पार नेतं, म्हणजे जे फिल्टर अडवत होता तेच तुम्ही इंजेक्टरपर्यंत पोचवता. नवीन गाडीत हे मुळीच करू नका.

इथं थांबा

डिझेल हे इंजिनाच्या डिझेल पंपाचं आणि इंजेक्टरचं (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाचं) वंगणही आहे. पाण्याला तो गुण नाही, वर ते गंज आणतं. जुन्या ट्रॅक्टरचा नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतो, त्याला थोडं पाणी सोसतं, तरी रोटरी पंप पाण्यानं जाम होतो. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांत दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो, आतल्या भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. तिथं घोटभर पाणीही खूप झालं. पंप आणि चारही इंजेक्टर गेले तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

म्हणून कॉमन रेलच्या गाडीत फिल्टरच्या पुढची जाड लोखंडी पाइप कधीही सैल करू नका, इंजिन चालू असताना तर हात जवळही नेऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आतलं मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल टोचलंय असं स्पष्ट सांगा. जुन्या ट्रॅक्टरला नट सैल करून एअर काढायची सवय असलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

बाटलीच्या तळाला चांदीसारखी चमकणारी पूड दिसली, तर पंप आतून झिजायला लागलाय. गाडी टो करून आणा. चालवत आणलीत तर ती पूड चारही इंजेक्टरांत जाते.

पाणी काढून, फिल्टर बदलूनही मिसिंग जात नसेल, रेल प्रेशर बसत नसेल, तर स्कॅनर आणि इंजेक्टर तपासायचं बेंच लागतं. ते गॅरेजच्या अंगणात होत नाही, माझ्याकडेही होत नाही, मी डिझेल पंपाच्या कामवाल्यांकडे पाठवतो. गाडी वॉरंटीत असेल तर ड्रेनपलीकडे काही खोलू नका. तुमचा नमुना, बिलं आणि चिठ्ठी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

पुराचं पाणी लागलेली गाडी हा वेगळाच विषय. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत निपाणीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या लोकांनी पाणी उतरल्यावर सेल्फ मारून बघितल्या. एअर फिल्टरमधून सिलिंडरात पाणी गेलेलं असलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी वाढलेली दिसली तर चावीही ऑन करू नका, बॅटरी सोडा आणि टो करून पाठवा.

काम झाल्यावर

शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बाटली धरा. टाकीच्या कोपऱ्यात अडकलेलं थोडं पाणी ह्या वेळी निघतंच, त्यानं घाबरू नका. मग पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात असाल तर एक मोठी सर होऊन गेल्यावर, आणखी एकदा. पावसाळाभर संध्याकाळी टाकी भरून ठेवा. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर तोंडापर्यंत भरा. पिकअपचं पाणी महिन्यातून एकदा आणि ट्रॅक्टरच्या वाटीतलं दर आठवड्याला काढा. मामांचा ड्रम आडवा झाल्यावर तिसऱ्या बाटलीत तळाला काहीच बसलं नाही. ती मी त्यांना दिली, मागे वर्तमानपत्र धरून त्यांनी भाताचा दर वाचून दाखवला.